माणूसपणाची हजेरी घेणारे कोण?

सोलापुरात 'सेटलमेंट' आणि 'फ्री कॉलनी' ही वस्त्यांची नावे आजही रूढ आहेत. एखाद्या वसाहतीला मुद्दाम 'मुक्त' म्हणावे लागते, यावरूनच तिच्या शेजारी कुंपण होते हे कळते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मुळात उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, टकारी अशा जमातींची कुटुंबे सोलापुरात तारेच्या आड आणली गेली. रोज हजेरी, परवान्याविना बाहेर पडण्यास बंदी आणि गिरण्यांत राबणे हे त्यांचे जीवन झाले. वर्तन पसंत पडलेल्यांनाच फ्री कॉलनीत जागा मिळे.

'व्यक्ती' कोणास म्हणावे, याच्या कसोट्या तत्त्वज्ञांनी दिल्या आहेत. लॉकच्या मते आपल्या कृत्यांची जबाबदारी जिच्यावर टाकता येते ती व्यक्ती. कांटच्या मते स्वतःच्या विवेकाने नियम घालून घेते ती. या कसोट्या मानणाऱ्या युरोपातूनच हा कायदा आला आणि त्याने कृत्यापूर्वीच, जन्माबरोबर, दोष ठरवला. गुन्हेगारी रक्तातच आहे, म्हणजे या लोकांना निवडीचे स्वातंत्र्यच नाही, असे एकीकडे म्हणायचे. आणि जणू त्यांनी ती स्वेच्छेने निवडली आहे, अशा थाटात शिक्षा द्यायची! जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयातही दाद नव्हती.

'आधी सुधारा, मग हक्क मागा' असे म्हणणारे सज्जन आजही भेटतात. त्यांना विचारले पाहिजे की, पाळण्यातले मूल विवेकाची कोणती परीक्षा देते? स्मृती गेलेल्या वृद्धाचे हक्क कोण काढून घेतो? सुस्थितीतल्यांच्या घरात ही कसोटी कोणी लावत नाही. ती पालावरच्या माणसासाठी राखून ठेवलेली असते. परीक्षक सत्ताधारी आणि परीक्षार्थी दरिद्री असेल, तर उत्तम तत्त्वज्ञानाचेही कुंपणच होते. म्हणून हक्क हे सद्वर्तनाचे बक्षीस होऊ शकत नाही. १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याने समता जन्मापासून मानली. राज्यघटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांनी प्रत्येक व्यक्तीला संरक्षण देताना चारित्र्याचा दाखला मागितलेला नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगार कायदा केला. शब्द जमातीवरून व्यक्तीवर आला, पोलिसांची नजर मात्र त्याच वस्त्यांवर राहिली. विमुक्तांना मनमानीने अटक होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात पोलिसांना बजावावे लागले. स्वातंत्र्याच्या सत्याहत्तर वर्षांनंतर!

कार्यकर्त्यांचे काम यातूनच ठरते. गावात चोरी होताच पालावरचा तरुण उचलला जातो, तेव्हा 'तो निर्दोष आहे काय?' या प्रश्नाआधी 'त्याच्याविरुद्ध पुरावा कोणता?' हा प्रश्न ठाण्यात जाऊन विचारला पाहिजे. माणूसपण सिद्ध करण्याचा बोजा माणसावर नाही. त्याचे हक्क रोखणाऱ्या सत्तेनेच आपल्या कृतीचा जबाब दिला पाहिजे.