वर्षावास संपला, आता सायकल बाहेर काढा

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. आषाढापासून एका जागी राहिलेला भिक्खुसंघ पुन्हा चारिकेला निघतो. विहारातलं ग्रंथवाचन पूर्ण होतं, खीरदान होतं आणि आपण सगळे आपापल्या कामाला लागतो. आमचं म्हणणं असं की यंदा आपणही थोडी चारिका करावी. पायी नव्हे, सायकलवर. आणि डांबरी रस्त्यावर कमी, मुरमाच्या आणि पाणंदीच्या वाटेवर जास्त.

पुष्कळ घरांत या दिवसांत नवी लोखंडी सायकल आलेली असते. कुणी बोनसच्या भरवशावर घेतलेली, कुणी मुलाच्या शाळेसाठी. ती पाण्याचे कॅन आणते, दळण आणते, कामावर नेते. म्हणजे घरातल्या बाईसारखंच तिचंही झालेलं असतं: काम संपलं की भिंतीला टेकून उभी. तिच्यावर बसून नुसतं फिरायला जायचं म्हटलं की घरातलेच हसतात. "दिवसभर राबतो तो काय कमी व्यायाम आहे?"

हा प्रश्न आम्ही दवाखान्यात नर्स म्हणून काम करतानाही ऐकला आणि आता वस्त्यांतून फिरतानाही ऐकतो. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण प्रश्न खोटा नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बहीण किंवा बांधकामावर घमेली उचलणारा भाऊ यांना "हालचाल करा" असं सांगणं म्हणजे चेष्टाच. पण राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. राबताना तेच गुडघे, तीच कंबर, तेच खांदे झिजतात. वाकून, उकिडवं बसून, वजन पेलून शरीर आखडतं आणि विसावा मालकाच्या मर्जीवर असतो. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं, गुडघ्यावर भार कमी पडतो, पाय एका लयीत फिरतात, श्वास वाढतो पण बोलता येतं. हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला अशी हालचाल मानवते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. रविवारी दोन तास आणि मधल्या वारी एकदा अर्धा तास म्हटलं तरी १५० मिनिटे भरतात.

बाबासाहेबांना शेवटची अनेक वर्षं मधुमेहाने आणि पायाच्या दुखण्याने किती छळलं, हे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. मग आपल्याच वस्तीत चाळिशीच्या आत साखर आणि रक्तदाब निघालेली माणसं मोजायला आपण का कचरतो?

हल्ली शहरातली पैसेवाली मंडळी लाख-दीड लाखाची सायकल घेऊन रविवारी कच्च्या रस्त्यांवर जातात. त्याला 'ग्रॅव्हल राइड' म्हणतात. जावं त्यांनी, आमची तक्रार नाही. पण आमच्या वडिलांची पिढी बावीस इंची सायकलवर डबा अडकवून खडकी-देहूरोडच्या कारखान्यांत जायची, ती याच खडीवरून. तिला कुणी नाव दिलं नव्हतं एवढंच. लोखंडी सायकल जड असते हे खरं. पण ती धक्के सोसते, कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होते आणि कॅरिअर तुटला तर वेल्डिंगवाला पाच मिनिटांत जोडून देतो.

खरा अडथळा सायकलीचा नाही, बाईने सायकलवर बसण्याचा आहे. मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातल्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. शाळा सुटली की ती सायकल भावाकडे जाते. आई म्हणते, आता मोठी झाली. काही आया आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारतात, सायकलने मुलीच्या 'आतल्या' अंगाला काही होतं का? स्पष्ट सांगतो: सायकलने मुलीचं लग्न, पाळी किंवा पुढचं बाळंतपण यांपैकी काहीही बिघडत नाही. ज्या पडद्याची भीती घातली जाते तो खेळताना, उडी मारतानाही ताणला जातो आणि त्यावरून कुणाचं शील ठरत नाही. पाळीतही सायकल चालवता येते, त्रास होत असेल तर त्या दिवशी चालवू नये, इतकंच. गरोदर बाईने मात्र पडण्याचा धोका ओळखून डॉक्टरांना विचारावं.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे जिल्हाधिकारी होत्या. खाणीत दगड फोडणाऱ्या बायका त्यांत होत्या. लेडीज सायकली दुकानात उरल्या नाहीत तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे लिहून ठेवलं आहे. त्या बायकांना जमलं ते आपल्या महिला मंडळाला न जमण्यासारखं काय आहे?

आता तयारीचं. पावसाळाभर दाराशी भिजलेल्या लोखंडी सायकलीच्या चेनला आणि पायडलच्या आसाला गंज धरतो. चेन रॉकेल लावून पुसा, मग तेल द्या आणि जास्तीचं पुसून टाका. सीटची उंची अशी ठेवा की पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आपल्याकडे सीट नेहमी खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलला दोष देतात. मुरमावर टायर दगडासारखा टणक नको, अंगठ्याने दाबला तर जरासा दबावा. फार मऊ ठेवलात तर खडीवर ट्यूब चिमटून पंक्चर होईल. रॉड ब्रेक ओल्या रिमवर पकडत नाहीत, म्हणून ओढा ओलांडल्यावर ब्रेक दाबून रिम सुकवा आणि उतार तीव्र असेल तर सरळ उतरून चाला. ओढणी आणि साडीचा पदर कमरेला घट्ट खोचा. चाकात ओढणी गुंतून झालेले अपघात आम्ही वॉर्डात पाहिले आहेत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

शरीराची तयारीही हवी. निघण्याआधीच्या आठवड्यात दवाखान्यात रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या सुरू करा, त्या चहाबरोबर घेऊ नका आणि तोवर अंतर कमी ठेवा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघायचं नाही. पौर्णिमेचा उपोसथ असेल तर त्या दिवशी सायकल नको, पुढचा रविवार धरा. वाटेत अचानक घाम, थरथर, भूक, गरगर झालं तर थांबा आणि लगेच तीन चमचे साखर खा. ती खिशात असू द्या. छातीत दाब वाटला तर पुढे जायचं नाही आणि सायकलवरून परतही यायचं नाही, गाडी बोलवा. डबक्यातून गेलात आणि पायाला जखम असेल तर घरी येताच साबणाने धुवा. लेप्टोचे दिवस अजून संपलेले नसतात.

ऑक्टोबरचं ऊन वाईट, म्हणून सहाला निघून दहाच्या आत परत. पहिल्या रविवारी पाच-सहा किलोमीटर, पुढे दहा-बारा. डिसेंबरपर्यंत पंचवीस-तीस जमतात. आम्ही देहूरोडकडचे, म्हणून तिकडचं सांगतो. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जिथे बुद्धमूर्ती बसवली त्या विहारापासून निघायचं. जुना मुंबई-पुणे रस्ता सोमाटणे फाट्यापर्यंतच, तोही एकामागे एक राहून. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदीच आहे. फाट्यावरून चांदखेडच्या बाजूला शिरलं की पवनेकाठची शेतं आणि पाणंदी लागतात. पुढे दम वाढला की बेडसे लेणी, मग भाजे आणि कार्ले. कार्ल्याच्या चैत्याचं दार करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव तिथे कोरलेलं आहे. मुलांना ते शोधायला लावा. नाशिककरांना त्रिरश्मी आहे, औरंगाबादकरांना विद्यापीठामागची लेणी.

सायकल नसलेल्यांनी दोघांत एक घ्यावी आणि आळीपाळीने चालवावी. ज्या बाईला येत नाही तिला विहाराच्या पटांगणात आठवडाभर संध्याकाळी शिकवा. मागून धरायला तिचा मुलगा असला तरी चालेल. हवेचा पंप, दोन पाने आणि पंक्चरचं सामान एकाच्या कॅरिअरला बांधा. प्रत्येकाने एक लिटर पाणी घ्यावं. ज्यांना साखर किंवा रक्तदाब नाही त्यांनी त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून लिंबू पिळावं. आणि जो सगळ्यांत हळू चालवतो त्याला पुढे ठेवा, बाकीच्यांनी त्याच्या मागे राहायचं.