विश्लेषण : भाडे थकले आणि ७५ महाजहाजे बुडाली! संगणकी अंतराळातील नुकसान खरे असते का?

एका संगणकी खेळात एका रात्रीत तीन लाख डॉलरचे नुकसान झाल्याची बातमी २०१४ मध्ये जगभर गाजली होती. आजही ती समाजमाध्यमांवर फिरते. ऑनलाइन गेमिंगबाबत देशात कायदा झाल्यानंतर या जुन्या लढाईतून निघणारा एक प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा ठरतो. खेळात गेलेला पैसा खरोखर कोणाचा असतो?

हा खेळ नेमका काय?

‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातील डावपेचांचा खेळ आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील ‘सीसीपी गेम्स’ या कंपनीने ६ मे २००३ रोजी सुरू केला. बहुतेक ऑनलाइन खेळांत खेळाडू वेगवेगळ्या सर्व्हरवर विभागलेले असतात. इथे मात्र चीनमधील स्वतंत्र आवृत्ती सोडली, तर सगळे जण एकाच विश्वात खेळतात. सात हजारांहून अधिक सूर्यमाला, त्यांतील खाणी, कारखाने, बाजारपेठा आणि सीमा असा हा पसारा आहे. जहाजापासून तोफगोळ्यापर्यंत जवळपास प्रत्येक वस्तू खेळाडूच बनवतात आणि खेळाडूच विकतात. दूरच्या सूर्यमालांवर हजारो सदस्यांच्या संघटना राज्य करतात. त्यांचे सेनापती, खजिनदार, हेर आणि मुत्सद्दीही असतात.

जहाज एकदा नष्ट झाले की ते परत मिळत नाही. मोबाइलवरच्या खेळात हरलो की ‘पुन्हा खेळा’चे बटण दाबता येते, तशी सोय इथे नाही. त्यामुळे प्रत्येक लढाईला वजन येते.

२०१४ मध्ये काय घडले?

‘बी-आर५आरबी’ या सूर्यमालेत एका बलाढ्य आघाडीचा लष्करी तळ होता. खेळाच्या तेव्हाच्या नियमानुसार ताबा टिकवण्यासाठी ठरावीक मुदतीने भाडे भरावे लागे. ते आपोआप भरण्याची सोयही होती. तरीही २७ जानेवारी २०१४ रोजी भाडे भरले गेले नाही आणि ताबा सुटला. सोसायटीचे मेंटेनन्स थकले म्हणून शेजाऱ्याने घरात बस्तान मांडावे, तसा हा प्रकार. विरोधी आघाडीने संधी साधून चढाई केली.

त्यानंतर सुमारे २१ तास लढाई चालली. वेगवेगळ्या टप्प्यांवर मिळून ७,५४८ खेळाडू तिच्यात उतरले. ‘टायटन’ या सर्वांत मोठ्या वर्गातील ७५ जहाजे नष्ट झाली. त्यातील ५९ तळ गमावणाऱ्या बाजूची होती, तर १६ चढाई करणाऱ्यांची. असे एक जहाज बांधायला अनेक खेळाडूंची कित्येक आठवड्यांची मेहनत लागते. अखेर देखभालीसाठी सर्व्हर रोज ठरल्या वेळी, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचार वाजता बंद होतो, तेव्हाच ही लढाई थांबली.

लढाई इतके तास का चालली?

याचे उत्तर सर्व्हरच्या रचनेत आहे. एका खेळाडूने तोफ डागली की त्याची माहिती तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला कळवावी लागते. शंभर जण असतील तर शंभर जणांच्या हालचाली शंभर जणांना सांगायच्या, म्हणजे दहा हजार निरोप. दोनशे जण झाले की निरोप दुप्पट नव्हे, चौपट होतात. दोन हजार जण एकत्र आले, तर काय होईल याचा अंदाज करता येतो. सकाळी तत्काळ तिकिटांच्या वेळी संकेतस्थळ अडकते, हा अनुभव आपल्यालाही आहेच.

यावर कंपनीने वेगळा उपाय काढला. सर्व्हरवर ताण आला की त्या सूर्यमालेपुरता काळच मंद करायचा. गती कमाल मर्यादेपर्यंत घटली की खेळातील एका सेकंदासाठी खरे दहा सेकंद लागतात. या हिशेबाने पाहिले, तर २१ तासांच्या त्या लढाईत खेळातील वेळ जेमतेम दोन-अडीच तासांचा असावा. सर्व्हर कोलमडून सगळ्यांची लढाई वाया जाण्यापेक्षा, सगळ्यांनी सारखेच ताटकळणे हा न्याय्य मार्ग मानला गेला.

तीन लाख डॉलरचा आकडा कुठून आला?

खेळातील चलनाचे नाव ‘इस्क’. आइसलँडच्या खऱ्या चलनाचे आंतरराष्ट्रीय लघुरूपही हेच आहे. खेळाडू कंपनीकडून खऱ्या पैशांनी ‘प्लेक्स’ नावाची वस्तू विकत घेऊ शकतो. ती खेळाच्या बाजारात दुसऱ्या खेळाडूला विकली की त्याला इस्क मिळतात. घेणाऱ्याला त्या प्लेक्सच्या बदल्यात आपली वर्गणी भागवता येते. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे पण वेळ नाही आणि ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसा नाही, अशा दोघांचा हा सौदा.

या सौद्यामुळे इस्कला डॉलरमधील भाव मिळतो. नष्ट झालेल्या जहाजांची किंमत सुमारे ११ लाख कोटी इस्क होती. प्लेक्सच्या दराने तिचे डॉलर केले की तीन लाखांच्या वरचा आकडा येतो. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम पावणेदोन ते दोन कोटी रुपये होते. पुढे डिसेंबर २०२०च्या अखेरीस ‘एम२-एक्सएफई’ येथील लढाईत २५७ टायटन नष्ट झाले. ते नुकसान ३,७८,०१२ डॉलर, म्हणजे सुमारे पावणेतीन कोटी रुपयांचे असल्याची नोंद गिनेस बुकने केली.

मग एवढे पैसे खरेच बुडाले का?

त्या रात्री कुणाच्याही बँक खात्यातून तीन लाख डॉलर गेले नाहीत. जहाजांवरील बहुतांश खर्च खाणकाम, व्यापार आणि उत्पादन करून मिळवलेल्या इस्कमधून झालेला होता. शिवाय हा रस्ता एकेरी आहे. पैसे देऊन प्लेक्स घेता येते, पण इस्क विकून डॉलर घेणे कंपनीच्या नियमांत बसत नाही. तसे करताना सापडणाऱ्याचे खाते बंद होते.

२००९ मधील एक प्रकरण या संदर्भात बोलके आहे. खेळाडूंनीच चालवलेल्या ‘ई-बँक’ या खेळातील बँकेच्या प्रमुखाने ठेवीदारांचे अब्जावधी इस्क पळवले. खेळात फसवणूक, हेरगिरी, विश्वासघात यांना मुभा आहे. त्यामुळे चोरी हा गुन्हा ठरला नाही. पळवलेले इस्क बाहेर खऱ्या पैशांना विकले, हा गुन्हा ठरला आणि त्यासाठी त्याच्यावर बंदी आली.

थोडक्यात, ‘तीन लाख डॉलर’ हा कागदावरचा भाव आहे. प्रत्यक्षात गेला तो हजारो लोकांचा वेळ. त्याची भरपाई कोणी देत नाही.

आपल्या कायद्याशी याचा संबंध काय?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. कायद्याने खेळांचे तीन गट केले आहेत. ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि पैशांचे ऑनलाइन खेळ. पहिल्या दोघांना उत्तेजन आणि तिसऱ्यावर बंदी, अशी ही रचना. पैशांचे खेळ उपलब्ध करून देणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खेळणाऱ्याला शिक्षेची तरतूद नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

कायद्यातील कसोटी कौशल्य की नशीब, ही राहिलेली नाही. पैसे लावून, त्याबदल्यात पैसे किंवा आर्थिक लाभ मिळण्याची अपेक्षा आहे का, हे पाहिले जाते. पैशांनी विकत घेतलेली नाणी, टोकन यांचाही ‘पणा’त समावेश आहे. सामाजिक खेळांना मात्र वर्गणी घेता येते, ती पण म्हणून लावलेली नसावी एवढेच.

या चौकटीत ‘ईव्ह’ ठेवून पाहिला, तर वर्गणी आहे आणि विकत घेता येणारी वस्तूही आहे. मात्र, जिंकून पैसे बाहेर काढण्याचा अधिकृत मार्ग नाही. त्यामुळे वरकरणी तो सामाजिक खेळांच्या बाजूला झुकतो. पण याच कंपनीने मार्च २०२३ मध्ये ब्लॉकचेनवर आधारित नव्या खेळासाठी चार कोटी डॉलरचे भांडवल उभे केले. खेळातील वस्तूंचे टोकन बाहेर विकता येऊ लागले, तर रस्ता दुहेरी होतो आणि उत्तरही बदलू शकते. असे निर्णय खेळाच्या नावावरून करता येणार नाहीत. कोणता खेळ कोणत्या गटात, हे ठरवण्याचे काम कायद्याने प्राधिकरणाकडे दिले आहे.

खेळाडूच्या हाती काय उरते?

मालकीच्या दृष्टीने पाहिले, तर फारसे काही नाही. जहाज खेळाडूने बांधले असले तरी करारानुसार ते कंपनीचेच असते. खेळाडूला मिळतो तो वापराचा परवाना. ‘युबिसॉफ्ट’ने मार्च २०२४ अखेर ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे मोजून घेतलेला खेळही हातून गेला. त्यातून युरोपात ग्राहक हक्कांची मोहीम उभी राहिली आणि तिला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या.

‘ईव्ह’च्या खेळाडूंनी हा आवाज आधीच उठवला होता. २०११ मध्ये खेळातील एका सजावटीच्या चष्म्याची किंमत सुमारे ६० डॉलर ठेवल्यावर हजारोंनी खेळाच्या मुख्य बाजारपेठेत जमून तिथल्या स्मारकावर गोळीबार केला. निषेधाची ती त्यांची पद्धत होती. कंपनीने खेळाडूंच्या निवडून आलेल्या परिषदेला तातडीने रेक्याविकला बोलावले आणि पुढे धोरणात बदल केला. अशी निवडून आलेली परिषद या खेळात २००८ पासून आहे.

माणसे मात्र खरी असतात. सप्टेंबर २०१२ मध्ये लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकेच्या राजनैतिक कार्यालयावर झालेल्या हल्ल्यात शॉन स्मिथ हे अधिकारी मारले गेले. ‘ईव्ह’मध्ये ते ‘व्हाइल रॅट’ या नावाने एका मोठ्या संघटनेचे मुत्सद्दी होते. बातमी कळताच खेळाडूंनी, त्यांत शत्रुपक्षाचेही होते, आपल्या अंतराळ स्थानकांना त्यांचे नाव दिले.

पालकांनी आणि खेळाडूंनी काय पाहावे?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. पैसे आत जातात, ते बाहेर येण्याचे आमिष दाखवले जाते का? आमिष असेल तर सावध व्हावे. दुसरा, दरमहा खर्चाला मर्यादा आहे का? मोबाइलवरील ऑटो-पे अधूनमधून तपासावे. ‘बी-आर५आरबी’त न भरलेले भाडे महागात पडले, आपल्याकडे नकळत भरली जाणारी वर्गणी महाग पडते. तिसरा, वेळेवर ताबा आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. केवळ जास्त तास खेळणे म्हणजे आजार नव्हे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, ही त्याची लक्षणे आहेत. ती साधारण वर्षभर टिकली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.