निसर्ग विकत घेणारे भांडवल

घाटमाथ्यावर किंवा कोकणात चालते 'निसर्ग-रिसॉर्ट' विकत घेणे, हा मध्यमवर्गीय बचतीचा नवा मार्ग म्हणून सांगितला जात आहे. मुदत ठेवीच्या व्याजावर समाधान न मानणारी मंडळी चार स्नेह्यांना बरोबर घेऊन दहा खोल्या, काही तंबू आणि एक ओढा पाहून येतात. जागा रम्य असते, यात वाद नाही. परंतु खरेदीखताने नेमके काय हाती येते, याचा विचार क्वचितच होतो.

प्रथम उत्पन्नाचे पाहू. दहा खोल्यांच्या रिसॉर्टला वर्षाकाठी ३,६५० खोली-रात्री विकावयाच्या असतात. न विकली गेलेली रात्र धान्यासारखी कोठारात ठेवता येत नाही. शहरी पाहुणा येतो शुक्रवार-शनिवारी. वर्षातील अशा सर्व रात्री भरल्या, तरी विक्री १,०४० रात्रींची, म्हणजे जेमतेम शेकडा २८ होते. पगार, डागडुजी आणि कर्जाचे हप्ते मात्र मंगळवारीही थांबत नाहीत. तेव्हा गर्दीच्या एका महिन्याच्या मिळकतीला बाराने गुणून दाखविलेला परतावा हा परतावाच नव्हे.

जमिनीचा प्रश्न याहून बिकट आहे. पश्चिम महाराष्ट्र व कोकणात लागू असलेल्या १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात पोहण्याचा तलाव, असा प्रकार असेल तर खरेदीदार मालमत्तेबरोबर खटलाही विकत घेतो. महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली व माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तेथे एक खोली वाढविणेही मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

कागदपत्रे असूनही काय घडू शकते, हे तामिळनाडूतील निलगिरीत दिसले. सिगूर पठारावरील हत्तींचा मार्ग मोकळा ठेवण्यासाठी त्या राज्याने २०१० मध्ये अधिसूचना काढली. मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ती उचलून धरली. त्या पट्ट्यातील रिसॉर्टचालकांना आपली हरकत घेऊन समितीपुढे उभे राहावे लागले. ज्या हत्तीच्या दर्शनासाठी पाहुणा पैसे मोजत होता, त्याच हत्तीचा हक्क वरचढ ठरला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथेच खरी गोम आहे. रिसॉर्टच्या किमतीतील मोठा हिस्सा भिंतींचा नसून भोवतालच्या रानाचा, दरीचा व पाण्याचा असतो. विक्रेता त्याची किंमत वसूल करतो. परंतु तो त्याचा मालक नसतो आणि उद्या खरेदीदारही नसणार. सह्याद्रीत पाऊस धो धो पडतो, पण उताराच्या काळ्या खडकावरून तो वाहून जातो, आणि एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शाळांच्या सुटीमुळे पाहुण्यांची गर्दीही नेमकी तेव्हाच असते. त्या दिवसांत रिसॉर्टच्या कूपनलिकेने शेजारच्या विहिरीचा झरा आटविला, तर ग्रामसभेत उठणाऱ्या प्रश्नाला खरेदीखत दाखवून उत्तर देता येणार नाही. म्हणून जागा पाहावयाची तर ती श्रावणातील हिरवाईत नव्हे, मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाहावी. आणि मालकाला भेटण्याआधी वाडीतील विहिरीवर जाऊन यावे.