घरचे यंत्र : दांडा एकीकडे, अक्षर दुसरीकडे

बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी आता खेड्यातल्या अंगणातही उभी दिसते. तिचा गियरचा दांडा 'पी' म्हणजे उभी, 'आर' म्हणजे मागे, 'एन' म्हणजे न्यूट्रल आणि 'डी' म्हणजे पुढे, असा फिरतो. दांडा कुठे आहे, याची वर्दी देणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत गियरबॉक्सवर असतो. ही वर्दी चुकली की 'पी'मध्ये किल्ली फिरवूनही स्टार्टर मुका राहतो, किंवा समोरच्या काट्यांजवळ भलतेच अक्षर दिसते.

तपास पुढील क्रमाने करावा.

आधी बॅटरी पाहावी. दिवे मिणमिणत असतील, तर सेन्सरला दोष देऊ नये.

मग गाडी सपाट जागी उभी करावी. समोर-मागे कोणी नको, पोरे दूर हवीत. हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा, पाय ब्रेकवर घट्ट ठेवावा. 'पी'मध्ये चालू होत नाही आणि 'एन'मध्ये होते, असे झाले तर संशय सेन्सरवर किंवा दांड्याच्या केबलवर जातो.

नंतर इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली चालू करावी आणि दांडा एकेक घर फिरवावा. दांडा आणि अक्षर जुळते का? 'आर'मध्ये मागचा पांढरा दिवा लागतो का?

पुढचे काम मेस्त्रीचे. स्कॅनरवर 'पी ०७०५' हा कोड आला, म्हणजे सेन्सरच गेला असे नव्हे. तो कोड त्या सर्किटमध्ये बिघाड आहे एवढेच सांगतो. कपलरमध्ये पाणी किंवा हिरवा गंज, उंदराने कुरतडलेली वायर, सैल केबल, हे आधी तपासायला सांगावे. वायर मीटरने तपासल्यावाचून नव्या सेन्सरचे पैसे मोजू नयेत. नवा बसवलाच, तर तो न्यूट्रलच्या खुणेशी जुळवून बसवावा लागतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. वायर जोडून हा अडसर कायमचा काढून टाकू नये. गियरमध्ये असताना इंजिन चालू होऊ नये, म्हणून तर तो ठेवलेला आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांनाही असाच क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच असतो. खाली उभे राहून स्टार्टरला स्क्रूड्रायव्हर लावला आणि ट्रॅक्टर गियरमध्ये असला, तर मागचे मोठे चाक थेट अंगावर येते. स्विच बदलता येतो, गेलेला माणूस परत आणता येत नाही.