सर बदलले की गोल होतात काय?

यंदा आपला फुटबॉल संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला आणि कँटीनमध्ये एकच घोष सुरू झाला, "सरांना बदला!" मी संघातला राखीव खेळाडू, म्हणून दोन शब्द लिहितो.

मित्रहो, भारतीय संघाचेच पाहा. जून २०२४ मध्ये स्टिमॅच यांना काढले. मानोलो मार्केझ आले. जुलै २०२५ मध्ये तेही गेले आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. तरी ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने २-१ असे हरवले आणि आशिया चषकाचे दार बंद झाले. हेच जमील २०१६ मध्ये मुंबई एफ.सी.पासून वेगळे झाले होते. पुढच्याच हंगामात त्यांच्या हाताखाली मिझोरामचा आयझॉल संघ आय-लीग जिंकला. माणूस तोच, मग फरक कशाचा?

माझे वडील सालगडी होते. पीक बुडाले की मालक गडी बदलायचा; विहीर आटली आहे, हे कोणी पाहत नसे. आपली विहीर म्हणजे सराव. तो स्पर्धेच्या आठ दिवस आधी सुरू होतो. अकराच्या अकरा जण एकाही सकाळी आले नाहीत. पेपर टाकून येणारा मीही उशिराच पोचलो.

सर निर्दोष नाहीत. ते ओळखीच्याच मुलांना खेळवतात, हे त्यांच्या तोंडावर सांगू. पण आधी जूनपासून वर्षभर सराव करू. मग हरलो, तर सरांना बदलण्याच्या अर्जावर पहिली सही माझी!