नाव परत घेण्याचा अधिकार

'अमुक नावाची स्त्री व तमुक नावाची स्त्री या एकच व्यक्ती होत', अशी जाहीर सूचना वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर अधूनमधून दिसते आणि वाचक ती ओलांडून पुढे जातो. त्या दोन ओळींमागे पुष्कळदा मोडलेला संसार असतो, आणि न्यायालयाने निकाल दिल्यानंतरही कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणारी एक स्त्री असते. घटस्फोटानंतर तिच्या आडनावाचे काय, हा प्रश्न क्षुल्लक मानण्याची आपल्या समाजास सवय झाली आहे. आमच्या मते तो क्षुल्लक नाही.

आडनाव कधी बदलू नये, असे निदान गोमंतकीयांनी तरी म्हणू नये. मंगेशीच्या दीनानाथांनी ग्रामदैवतावरून 'मंगेशकर' हे आडनाव घेतले आणि ते देशभर दुमदुमले. 1961 च्या मुक्तीनंतर कित्येक घराण्यांनी पोर्तुगीज दप्तरात विद्रूप झालेली आपली आडनावे सुधारून घेतली. त्याचा कोणास विषाद वाटला नाही; अभिमानच वाटला. 1990 साली तर नाव व आडनाव बदलण्यासाठी गोव्याने स्वतंत्र कायदाच केला. नागरी निबंधकाकडे अर्ज, राजपत्रात सूचना आणि हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत, अशी त्याची मूळ रीत होती. पुरुषाने आडनाव बदलले तर तो कुळाचा गौरव आणि घटस्फोटितेने जन्मनाव घेतले तर ती कुजबुजीची बाब, हा कोठला न्याय?

विवाहानंतर स्त्रीने पतीचे आडनाव लावलेच पाहिजे, असे सांगणारा कायदा या देशात नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा याविषयी मौन पाळतो. बदल घडवितो तो रिवाज. आणि तो आडनावापाशी थांबतही नाही. ताटातील तांदळांत नवे नाव लिहून वधूचे पाळण्यातले नावही पालटण्याची चाल अनेक घरांत आहे. संसार मोडला म्हणजे अशा स्त्रीपुढे आडनावाचाच नव्हे, तर संपूर्ण नावाचा प्रश्न उभा राहतो.

गोव्यात 1910 चा पोर्तुगीज घटस्फोट कायदा आला, तो 1955 च्या कायद्याच्या साडेचार दशके आधी. येथे विवाहाची नागरी नोंदणी सक्तीची आहे आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची दखल त्या नोंदीवर घेतली जाते. केवळ रिवाजाने पतीचे आडनाव लावणाऱ्या स्त्रीचे जन्मनाव जन्मनोंदीतून कधी पुसले गेलेलेच नसते. मग ती नाव 'बदलते' असे म्हणावे तरी कसे? ती आपलेच नाव परत घेत असते.

अडचण येते ती इतर दप्तरांत. वेगळा करार नसेल तर आपल्या कायद्याने पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते आणि स्थावराच्या विक्रीखतावर पत्नीचीही सही लागते. ती सही एका नावाची, आधारपत्र दुसऱ्या नावाचे आणि पदवीपत्र तिसऱ्याच नावाचे असले, की हक्काचा वाटा पदरात पडण्यापूर्वी शपथपत्रांची रांग लागते.

शासनाची भूमिकाही एकसारखी राहिलेली नाही. डिसेंबर 2016 मध्ये पारपत्राचे नियम सैल झाले; घटस्फोटित अर्जदाराने पूर्वीच्या जोडीदाराचे नाव देण्याची वा हुकूमनामा जोडण्याची सक्ती गेली. याउलट, केंद्राच्या राजपत्रातून माहेरचे आडनाव परत घेऊ पाहणाऱ्या विवाहितेने घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे संमतिपत्र द्यावे, अशी अट घालण्यात आली होती. 2024 साली तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. दावा चालू असता हुकूमनामा हाती नसतो. अशा वेळी ज्याच्याशी वैर जुंपले त्याच्याच दारी संमतीसाठी जाण्याची पाळी स्त्रीवर यावी, यापरती विटंबना कोणती?

नावे सहज बदलू दिली तर फसवणूक होईल, ऋणको निसटतील, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु त्यावर उपाय आहे तो दोन्ही नावांची अधिकृत सांगड घालण्याचा, पतीच्या संमतीचा नव्हे. स्त्रीने मागणी केल्यास न्यायालयाने हुकूमनाम्यातच तिची दोन्ही नावे नमूद करावी. त्याची एक प्रमाणित प्रत बँक, विद्यापीठ, शिधापत्रिका व जमीन या सर्व दप्तरांनी पुरेशी मानावी. दावा प्रलंबित असेल तर जन्मनोंदीचा दाखलाच ग्राह्य धरावा. आणि मुलांसाठी वा व्यवसायातील ओळखीसाठी एखादीला सासरचे आडनाव ठेवावयाचे असेल, तर केवळ घटस्फोट झाला म्हणून तिच्यावर ते टाकण्याची सक्तीही होऊ नये.

कायदा झाला तरी घराचे दार उघडावयाचे ते घरच्यांनीच. लेकीने माहेरचे आडनाव पुन्हा लावले तर लोक काय म्हणतील, या धास्तीने तिला गप्प बसविणारे आईबाप व भाऊ आपल्यातच आहेत. जन्मतः दिलेले नाव हे माहेरचे उपकार नव्हेत. ते तिचेच आहे, आणि ते मागताना तिला कोणापुढेही मान खाली घालावी लागू नये.