चंदीगडच्या रात्रीची फिर्याद

चैत्रातल्या रात्री सप्तर्षींपैकी शेवटच्या मरीचीपासून थोड्याच अंतरावर असलेली ‘एम ५१’ ही सर्पिल दीर्घिका छायाचित्रात उतरवावयाची, तर चंदीगडच्या हौशी निरीक्षकाने दुर्बीण मोटारीत घालून मोरनीच्या डोंगरांकडे प्रस्थान ठेवावे, हेच इष्ट. कारण शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशात त्या दीर्घिकेच्या भुजांचे क्षीण तेज बुडून जाते.

१८४५ साली लॉर्ड रॉस यांनी सहा फुटी आरशातून डोळ्यांनी पाहून ज्या भुजा कागदावर रेखाटल्या, त्याच आज आठ इंची दुर्बीण आणि पृथ्वीच्या परिवलनाबरोबर फिरणारी बैठक बाळगणारा कोणीही गृहस्थ टिपू शकतो. दोन-दोन मिनिटांची शंभर छायाचित्रे संगणकात एकावर एक रचली, की प्रतिमेतील चुकार ठिपक्यांचा उपद्रव सुमारे दहापट घटतो आणि कोट्यवधी वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश हळूहळू आकार धारण करतो! हे दृश्य ज्याने एकदा पाहिले, त्याला रात्रीच्या काळोखाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

ज्या नगरीत ल कॉर्ब्युझिए यांनी सूर्याच्या गतीचा विचार करून छायेचा मनोरा योजिला, तिने ताऱ्यांविषयी इतके बेफिकीर का असावे? महाराष्ट्रात पेंच व्याघ्रप्रकल्पाने जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळविला. चंदीगडच्या प्रशासनाकडे माझी दरखास्त त्याहून पुष्कळच माफक आहे : रस्त्यांवरील प्रत्येक दिव्याला वरून झाकण घालावे, आणि मध्यरात्रीनंतर सुखना सरोवराच्या काठचे शोभेचे दिवे मालवण्याचा हुकूम काढावा.